जेटचे ते तीन दिवस आणि त्यामागची साठ वर्षं

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, इतिहासावर बोलायचं सोडून हे विमान कुठून आलं? निजामशाही, चांदबीबी, किल्ल्यातली नेहरूंची कोठडी यावर नगरमध्ये पुष्कळ बोलून झालंय, पुढेही होईल. पण आपल्या जिल्ह्याला आता विमानतळ आहे. कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळ आला की नोकऱ्या येतात, असं म्हणतात. येतातही. काउंटरवरची मुलं, सामान चढवणारे, सुरक्षारक्षक, बाहेर टॅक्सीवाले. या नोकरीचा इतिहास काय, ती कशी मिळते यापेक्षा ती कशी जाते, यावर मी आज बोलणार आहे.

या इतिहासातले तीन दिवस मला फार बोलके वाटतात. १४, १५ आणि १६ ऑक्टोबर २००८. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते टीव्हीवर पाहिलेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली, आणि एक रुपयात तिकीट अशा जाहिराती आल्या. २००५ मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट, गोएअर. २००६ मध्ये इंडिगो. नवीन विमानं, नवीन मार्ग, आणि त्यात बसवायला माणसं पाहिजेत. त्या दोन-तीन वर्षांत गावोगावी हवाई सुंदरी बनवण्याचे वर्ग निघाले होते. बारावी झालेली मुलगी, फी भरायला बापानं काढलेलं कर्ज, इंग्रजी बोलण्याचा सराव, केस कसे बांधायचे याचा तास. मोठ्या शहरांतलीच मुलं तिथं होती असं नाही. तालुक्याच्या गावांतून गेलेली पुष्कळ होती.

गंमत अशी की माणसं भरती होत होती आणि कंपन्यांना मात्र नफा होत नव्हता. तिकीट खर्चापेक्षा स्वस्त विकायचं आणि बाजारातला वाटा वाढवायचा, अशी स्पर्धा लागली होती. मग २००७ साल उजाडलं. विमान कंपन्यांची ती लग्नसराईच म्हणा ना! जेटने एअर सहारा १,४५० कोटी रुपयांना घेतली आणि तिचं नाव जेटलाइट केलं. किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला आणि पुढे ती कंपनी पोटात घातली. आणि सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. तीन लग्नं, एका वर्षात. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की खर्च वाचेल. आता खर्च वाचेल म्हणजे काय? दोन कंपन्यांची दोन ऑफिसं, दोन काउंटर, दोन हँगर, दोन हिशेब विभाग. एक झालं की दुसरं नको. तिथं बसलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून पोटात गोळा येणारच.

त्यावर २००८ आलं. जुलैमध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा सगळ्यात मोठा, आणि आपल्याकडे त्यावर राज्यांचा विक्रीकर, मुंबईत तर तेव्हा पंचवीस टक्क्यांच्या आसपास. १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. तेल उतरलं, पण आता प्रवासीच कमी. कंपन्यांचा प्रवास कपातीत गेला, बँका हात आखडायला लागल्या. १३ ऑक्टोबरला जेटचे नरेश गोयल आणि किंगफिशरचे विजय मल्ल्या, कालपर्यंतचे हाडवैरी, एकत्र बसले आणि त्यांनी युती जाहीर केली. एकमेकांची तिकिटं विकायची, इंधन आणि जमिनीवरची कामं मिळून करायची. देशातले निम्म्याहून जास्त प्रवासी या दोघांच्या विमानांत होते.

दुसऱ्याच दिवशी, १४ तारखेला, जेटने ८०० केबिन क्रूंना नारळ दिला. बहुतेक प्रोबेशनवरची मुलं-मुली. १५ तारखेला कळलं की आणखी ११०० जाणार, म्हणजे एकूण १,९००. कंपनीत तेव्हा तेराएक हजार माणसं होती. म्हणजे दर सात माणसांमागे एक.

१५ ऑक्टोबर या तारखेवर थोडं थांबतो. १९३२ साली याच तारखेला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले आणि भारतातली विमानसेवा सुरू झाली. बरोबर ७६ वर्षांनी, त्याच मुंबईत, गणवेशातल्या मुली रस्त्यावर घोषणा देत होत्या. काही रडत होत्या. वाहिन्यांना दुसरा विषय नव्हता. गिरणी कामगारांचा मोर्चा मुंबईने पाहिला होता, पण लिपस्टिक लावलेल्या, इंग्रजीत बोलणाऱ्या मुलींचा मोर्चा तिनं पाहिला नव्हता. मला वाटतं, लोकांना धक्का बसला तो याचा. ही मंडळी 'कामगार' आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. त्यांच्यातल्या अनेकांच्याही ते त्याच दिवशी लक्षात आलं असावं.

आता हे रातोरात कसं करता आलं? इथं कायद्याचं थोडं सांगावं लागेल, कंटाळू नका. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. आणीबाणीत, १९७६ साली, त्यात एक प्रकरण घातलं गेलं. पुढे त्यातला आकडा शंभरावर आला. त्याचा अर्थ तेव्हा असा होता, की शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या जागी कपात करायची तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागायची. आपल्या नागापूरच्या एमआयडीसीतल्या कामगार पुढाऱ्यांना हे कलम तोंडपाठ असायचं. पण हे प्रकरण लागू कुणाला? कारखाना, खाण आणि मळा. विमान कंपनी यात येत नव्हती. म्हणजे एमआयडीसीत लेथवर उभ्या असलेल्या माणसाला जे संरक्षण होतं, ते तीस हजार फुटांवर ट्रॉली ढकलणाऱ्या मुलीला नव्हतं. तिच्यासाठी उरतं साधं कलम, एक महिन्याची नोटीस आणि भरपाई. तेही वर्षभर सलग सेवा झाली असेल तर, हिशेबात २४० दिवस. प्रोबेशनवरच्या पोरांचं वर्षच भरलं नव्हतं. म्हणून कपातीची यादी तिथून सुरू झाली. मुली कामात कमी पडल्या होत्या असं कुणी म्हटलंच नाही. त्यांना काढणं स्वस्त होतं, इतकंच.

आणखी एक. विमान वाहतुकीतले कामगारांचे वाद केंद्राच्या अखत्यारीत येतात. राज्याच्या कामगार आयुक्ताकडे जाऊन उपयोग नाही. मग ती मुलं गेली कुठे? राज ठाकरेंकडे.

मनसे तेव्हा अडीच वर्षांचा पक्ष होता. राज ठाकरेंनी सांगितलं, या मुलांना परत घेतलं नाही तर जेटची विमानं मुंबईतून उडू देणार नाही. दिल्लीत हवाई वाहतूक मंत्री होते आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल, त्यांनीही गोयल यांच्याशी बोलणं केलं. आणि १६ तारखेच्या रात्री गोयल पत्रकारांसमोर आले. कर्मचाऱ्यांची माफी मागितली, हे माझं कुटुंब आहे म्हणाले, सगळ्यांनी सकाळपासून कामावर या असं सांगितलं. दबाव कुणाचा नाही, असंही सांगितलं. ते ज्यानं त्यानं आपापल्या परीनं समजून घ्यावं.

मुलं परत आली, पेढे वाटले गेले. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही. तीनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, रेल्वे भरतीच्या परीक्षेला मुंबई भागात आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली आणि २१ ला राज ठाकरेंना अटक झाली. जेटमधून काढलेल्यांत मराठी मुलं होती तशी देशभरातली होती, त्यांच्यासाठी याच पक्षानं दार ठोठावलं होतं. दोन्ही गोष्टी नोकरीच्याच. एकीकडे नोकरी गेलेल्याची जात, भाषा कुणी विचारली नाही, दुसरीकडे नोकरी मागायला आलेल्याची फक्त तीच विचारली. हे एका आठवड्यात घडलं. मी त्याचं समर्थनही करत नाही आणि नुसती टिंगलही करत नाही. कायद्यानं जिथं खिडकीच ठेवली नाही, तिथं लोक जो दार उघडेल त्याच्याकडे जातात.

आता साठ वर्षं मागे जाऊ, कारण विमान कंपन्यांची अशी दाटी आणि असं विलीनीकरण आपल्याकडे आधीही होऊन गेलंय, आणि तेव्हा माणसांचं काय केलं ते बघण्यासारखं आहे.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सैन्याची डकोटा विमानं इथं पडून होती, ती स्वस्तात विकली गेली. ज्याच्याकडे पैसा तो विमान कंपनी काढायला लागला. परवाना मंडळाने डझनभर कंपन्यांना परवाने वाटले. टाटा ओरडून सांगत होते की एवढ्यांना पुरेल इतके प्रवासी या देशात नाहीत. झालं तसंच. अंबिका, ज्युपिटर अशा कंपन्या दोन-तीन वर्षांत बुडाल्या. याच काळात, १९४९ साली, रात्रीची टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला भेटायची, पिशव्यांची अदलाबदल करून पहाटे परत. रात्री दोनला सोनेगावच्या धावपट्टीवर टपालाचा बाजार भरल्यासारखं चित्र असणार. फार देखणी कल्पना होती, पण तिच्यानेही कंपन्या तरल्या नाहीत.

१९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांची चौकशी समिती बसली. तिनंही सांगितलं, कंपन्या फार झाल्या, एकत्र या. आपणहून कुणी आलं नाही. मग १९५३ चा कायदा आला आणि १ ऑगस्टला आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल वेगळी राहिली. राष्ट्रीयीकरण बरोबर की चूक, टाटांवर अन्याय झाला का, यावर रकाने भरलेत. त्यात मी जात नाही. मला त्या कायद्यातली कर्मचाऱ्यांबद्दलची तरतूद महत्त्वाची वाटते. जुन्या कंपन्यांमध्ये ठरलेल्या तारखेआधी लागलेला माणूस आपोआप महामंडळाचा नोकर झाला, आहे त्या अटींवर. विमानं, हँगर, सुटे भाग यांची जशी यादी झाली तशीच माणसांचीही झाली, आणि ती कायद्यात बसवली गेली.

म्हणजे तेव्हा सगळं गोड होतं असं नाही हं. आठ कंपन्यांच्या सेवाज्येष्ठतेचा गुंता व्हायचा तो झालाच. शिवाय एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पुढे कितीतरी वर्षं पस्तिशीला निवृत्त करायचे, पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली, आणि पहिलं मूल राहिलं की नोकरी गेली. १९८१ साली नर्गीस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची मात्र ठेवली. सरकारी नोकरीसुद्धा प्रत्येकीला सारखी पक्की नव्हती.

आता पुन्हा २००७. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या तेव्हा कुणाला काढलं नाही. पण माणसं जोडायचं काम पुढे ढकललं. त्याआधी दोघींनी मिळून १११ विमानांची मागणी नोंदवलेली, ६८ बोइंग आणि ४३ एअरबस, त्याच्या कर्जाचं ओझं डोक्यावर. कंपनी एक, पगाराच्या पद्धती दोन, वैमानिकांच्या संघटना दोन. २०११ साली पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान पगारासाठी दहा दिवस संपावर गेले. २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक गेले, कारण नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण 'त्यांना' का देता? तो संप जवळपास दोन महिने चालला. माणसं कशी एकत्र करायची हे ठरवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली, आणि तिचा अहवाल आला २०१२ मध्ये. साखरपुडा, लग्न, वरात सगळं झाल्यावर पाच वर्षांनी पत्रिका जुळवायला बसल्यासारखं.

किंगफिशरचं तुम्हाला माहीत आहे. डेक्कन घेऊन तिला परदेशी जायचा परवाना लवकर मिळाला, सप्टेंबर २००८ मध्ये बंगळूर–लंडन सुरू झालं, म्हणजे मंदीच्या अगदी तोंडावर! नंतर तोटा, कर्ज, आणि मग पगार थकायला लागले. आधी छोट्या गावांची उड्डाणं तुटली, कोल्हापूरचं उदाहरण आपल्या जवळचं. २०१२ च्या ऑक्टोबरात अनेक महिने पगार न मिळालेले अभियंते आणि वैमानिक कामावर यायचे थांबले आणि परवाना निलंबित झाला. इथं नारळसुद्धा कुणी दिला नाही. नुसता पगार येणं थांबलं. कपातीपेक्षा हे वाईट, कारण माणूस दुसरी नोकरीही शोधत नाही. पुढच्या महिन्यात मिळेल, म्हणत बसतो. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या कामगारांच्या घरी ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

साखरेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आपल्या जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हापासून आपण एक गोष्ट बघतोय. कारखाना वर्षभर चालत नाही. हंगाम संपला की बॉयलर थंड. पण हंगामी कामगाराला पुढच्या हंगामाला परत यायचं असतं आणि कारखान्यालाही तो हवा असतो, म्हणून बिनहंगामी महिन्यांत पगाराचा काही भाग देण्याची पद्धत या धंद्यात बसली. रिटेन्शन म्हणतात त्याला. सगळे कारखाने तो वेळेवर देतात असं मी म्हणणार नाही, समोर बसलेले हसतील. पण मंदीचे महिने येणारच आहेत, हे धरून केलेली ती व्यवस्था आहे. विमानाच्या धंद्यालाही हंगाम आहेत, दिवाळी-मेची गर्दी आणि पावसाळ्यातली मंदी. तेल दर काही वर्षांनी भडकतं हे प्रत्येक कंपनीला ठाऊक असतं. तरी माणसांसाठी अशी कोणतीही तरतूद तिथं उभी राहिली नाही. २००८ मध्येच एअर इंडियात बिनपगारी रजेची कल्पना निघाली होती, ती ऐच्छिक म्हणून, आणि तेवढ्यावरच राहिली.

जेटच्या त्या १,९०० जणांना परत घेतल्यावर नवीन नियम काही झाला नाही. ना कायदा बदलला, ना कंपनीशी लेखी करार झाला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, संघटना काढणाऱ्या दोन वैमानिकांना जेटने काढलं तेव्हा चारशेच्या वर वैमानिक एकदम 'आजारी' पडले आणि पाच दिवस कंपनी आडवी झाली. त्यांनाही परत घ्यावं लागलं. ज्याच्यावाचून विमान उडत नाही त्याची ताकद वेगळी, आणि ज्याच्या जागी उद्या दुसरा उभा करता येतो त्याची वेगळी.

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. तेव्हा कंपनीत सोळा हजारांवर माणसं होती. या वेळी माफी मागून सकाळी कामावर बोलवायला मालकाच्या हातात काही उरलं नव्हतं, पैसा बँकांचा होता. पुढे दिवाळखोरीच्या न्यायालयात खरेदीदार आला, त्यानं घातलेल्या योजनेत कर्मचाऱ्यांच्या वाट्याला अगदी किरकोळ रक्कम होती. संघटना लढल्या. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, असा निकाल २०२२ मध्ये झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. आणि मग ७ नोव्हेंबर २०२४ ला त्याच न्यायालयाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. साडेपाच वर्षं! तेवढ्यात मुलांच्या शाळा संपल्या, घरांचे हप्ते थकले, कुणी विमा विकायला लागलं, कुणी गावी परतलं.

मघाशी एक चिठ्ठी आलीय. 'माझ्या मुलीला शिर्डी विमानतळावर बोलावणं आलंय, पाठवू का?' जरूर पाठवा. फक्त नेमणूकपत्र कुणाचं आहे ते बघा. गणवेशावर विमान कंपनीचं नाव असतं, पण पगार बऱ्याचदा जमिनीवरची कामं घेणाऱ्या ठेकेदार कंपनीचा असतो. प्रोबेशन किती महिन्यांचं ते लिहून घ्या. भविष्यनिर्वाह निधी दर महिन्याला खात्यावर जमा होतो का ते तिला मोबाइलवर बघायला शिकवा, आणि दोन महिने दिसला नाही तर तिसऱ्याची वाट बघू नका. जेटवाल्यांना शेवटी न्यायालयात हक्कानं मागता आले ते हेच पैसे, निधी आणि ग्रॅच्युइटी. चिठ्ठीवर नाव नाही, पण ज्यांची आहे त्यांनी नंतर भेटा, पत्र वाचून बघू. बाकीचे प्रश्न आता घेऊ या.